साहेबांचा मूड कसा आहे?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५



बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. द्वेष नसलेला, मैत्री करणारा, क्षमा करणारा अशी ती यादी सुरू होते. आज आपण पंधराव्या श्लोकापाशी आलोय. अर्थ साधा आहे. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही, आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, जो हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग यांतून सुटला, तो मला प्रिय.

वाचताना आपलं लक्ष पटकन दुसऱ्या भागाकडे जातं. लोकांचा मला त्रास होऊ नये, माझं मन शांत राहावं. ध्यान, जप, योगा, सकाळची ॲप्स, सगळं आपण त्यासाठीच करतो. पण भगवंतांनी क्रम उलटा ठेवलाय. पहिली कसोटी माझ्या शांतीची नाहीच. माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला शांत वाटतं का, ही पहिली कसोटी आहे.

आज एवढ्यावरच थांबू या, कारण हा विषय आपल्या सगळ्यांच्या घरात आणि ऑफिसात रोजचा आहे.

मूड कसा आहे?

रजा मागायला केबिनमध्ये जायच्या आधी आपण बाहेर बसलेल्या माणसाला काय विचारतो? "साहेबांचा मूड कसा आहे?" रजेचा नियम काय, शिल्लक रजा किती, हे नंतर. आधी मूड.

घरातही तेच. लहान मुलांना हे फार लवकर कळतं. जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून, कुलपात किल्ली कशी फिरली यावरून त्यांना समजतं की आज बाबांच्या अंगावर उडी मारायची की गुपचूप पुस्तक उघडून बसायचं. कोणी सासूच्या भांड्यांचा आवाज ऐकून दिवसाचा अंदाज बांधते. कोणी बायकोच्या मेसेजमध्ये फक्त "ठीक" आलं की पुढचे चार तास त्या एका शब्दाचं निरूपण करत बसतो.

अशा माणसाला आपण 'मूडी' म्हणतो आणि हसून सोडून देतो. "त्याचं काय मनावर घ्यायचं, मनाने फार चांगला आहे हो!" आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. माणूस मनाने चांगलाच असतो. पण तो घरात आला की सगळ्यांचे खांदे जरा आवळले जातात, हेही तितकंच खरं असतं.

संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे. क्षणात रुसणाऱ्या आणि क्षणात खूश होणाऱ्या माणसांबद्दल ते बोलतं आणि शेवटी म्हणतं की ज्यांचं चित्तच जागेवर नाही, त्यांची कृपासुद्धा भयंकर. रागाची भीती वाटते हे कोणीही सांगेल. कृपेची भीती का वाटावी?

माझ्या व्यवसायातल्या लोकांना हे चटकन पटेल. सॉफ्टवेअरमध्ये 'फ्लेकी टेस्ट' नावाचा प्रकार असतो. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही, तरी तीच टेस्ट सकाळी पास होते, दुपारी फेल, संध्याकाळी परत पास. कायम फेल होणारी टेस्ट बरी, निदान काय बिघडलंय ते शोधता येतं. फ्लेकी टेस्ट हिरवी दिसली तरी कोणाला आनंद होत नाही. त्या हिरव्या रंगावर विश्वासच उरलेला नसतो. मूडी माणसाच्या गोड बोलण्याचं हेच होतं. तो आज हसला, छान. पण का हसला ते कळत नाही, म्हणून उद्या का रागावेल तेही कळणार नाही.

आणि याहून वाईट म्हणजे, ही अनिश्चितता माणसाला बांधून ठेवते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोचीने बटण टोचलं की दाणा. दाणा ठरावीक हिशोबाने मिळत असेल आणि मग बंद झाला, तर कबुतर थोड्या वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी चार वेळा टोचल्यावर, कधी चाळीस वेळा टोचल्यावर, असा बेभरवशाचा मिळत असेल, तर ते टोचतच राहतं, दाणे पूर्ण बंद झाल्यावरसुद्धा बराच वेळ. फर्स्टर आणि स्किनर यांचं यावरचं जाडजूड पुस्तक १९५७ साली आलं. जुगाराच्या मशीनसमोर माणूस का बसून राहतो, याचं उत्तर त्यात आहे. आणि वर्षानुवर्षं एखाद्याच्या कौतुकाच्या एका शब्दासाठी कोणी स्वतःला का झिजवत राहतं, याचंही बरंचसं उत्तर त्यात आहे.

कुंतीला मिळालेला वर

आता महाभारतात जाऊ. लहरी पाहुण्याची इतकी बारीक गोष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कुंतिभोज राजाकडे एक तेजस्वी, कडक ब्राह्मण येतो आणि मी इथे राहणार म्हणतो. आदिपर्वात त्याचं नाव दुर्वास असं येतं. वनपर्वात हीच गोष्ट सविस्तर आहे. राजा त्याच्या सेवेला आपल्या मुलीला, पृथेला ठेवतो. वय किती, तर अजून लग्न व्हायचंय. हा पाहुणा कसा? सकाळी येतो म्हणून जायचा आणि संध्याकाळी उगवायचा, कधी थेट रात्री. आला की जे सहज मिळणार नाही असं अन्न मागायचा. पृथा प्रत्येक वेळी ते तयार ठेवायची. एक वर्ष असं चाललं. तिने कपाळाला आठी पडू दिली नाही.

वर्ष संपलं, पाहुणा खूश झाला. म्हणाला, वर माग. आणि पृथेचं उत्तर ऐका. ती म्हणाली, तुम्ही प्रसन्न आहात, वडील प्रसन्न आहेत, मला सगळं मिळालं. वर नको.

पाहुण्याने ऐकलं नाही. वर नको तर हा मंत्र तरी घे, म्हणाला. कोणत्याही देवाला बोलावशील तो येईल. आणि इथे महाभारत एक छोटीशी गोष्ट सांगून जातं, जी आपण कीर्तनात सहसा ऐकत नाही. पृथेला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही. शापाच्या भीतीने!

वर घेतला, तोही शापाच्या भीतीने. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कुतूहलापोटी तिने सूर्याला बोलावलं, कर्ण झाला, पेटीत घालून नदीत सोडला. त्याच मंत्राने पुढे युधिष्ठिर, भीम, अर्जुनही मिळाले, हे खरं. पण युद्ध संपल्यावर, पाण्यात उभं राहून तर्पण करायच्या वेळी, तिला आपल्याच मुलांना सांगावं लागलं की ज्याला तुम्ही मारलंत तो तुमचा थोरला भाऊ होता. एवढी वर्षं ते ओझं तिने एकटीने वाहिलं.

'नको' म्हणायची सोय नसलेली भेट ही भेट नसते. घरोघरी बघा. रागाच्या भरात मुलाला वाटेल तसं बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी महागडा फोन आणून द्यायचा. मुलाने तो आनंदाने घेतलाच पाहिजे, नाहीतर "मी एवढं केलं, तरी तोंड वाकडंच!" म्हणजे नवा राग. मुलगा फोन घेतो, हसतो. त्या हसण्यात पृथा उभी असते.

अनसूयेच्या घरातले तिघे

दुर्वासांना खलनायक करायचं नाहीये. ते मोठे ऋषी. अत्री-अनसूयेचे पुत्र. भागवतानुसार या दांपत्याला तीन मुलगे झाले: ब्रह्माच्या अंशाने सोम, विष्णूच्या अंशाने दत्त आणि शंकराच्या अंशाने दुर्वास. म्हणजे ज्या घरात आपले दत्तगुरू वाढले, त्याच घरात दुर्वासही वाढले. आई तीच, संस्कार तेच, स्वभाव वेगळा. त्यामुळे आपल्या घरात एखादा दुर्वास असेल तर आईवडिलांचं काही चुकलं असा अर्थ लगेच काढू नका. आणि तो दुर्वास आपणच असू, तर तेवढ्याने आपण वाईट ठरत नाही.

पण मला या तिघांतला सोम, म्हणजे चंद्र, आज जास्त महत्त्वाचा वाटतो. चंद्र रोज बदलतो. एक दिवस पूर्ण, एक दिवस दिसतही नाही. ज्योतिषात तर तो मनाचाच कारक. तरी चंद्राला कोणी मूडी म्हणत नाही! का? कारण त्याचं बदलणं सांगून होतं. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात गावागणिक छापलेलं असतं. उपास करणारी माझी आजी मुंबईची वेळ वेगळी, नागपूरची वेगळी, हे तोंडपाठ सांगायची. चंद्र बदलतो म्हणून उपास करणाऱ्याला भीती वाटत नाही. पोह्यांची फोडणी कधी टाकायची ते तिला माहीत असतं.

इथे एक मोठा गैरसमज सुटतो. स्थिर माणूस म्हणजे दगड असा अर्थ नाही. गीता तुम्हाला भावना बंद करायला सांगत नाही. झोप कमी झाली की चिडचिड होणार, भूक लागली की होणार, पाळीच्या दिवसांत होणार, रिलीजच्या आदल्या रात्री होणार. बदल नैसर्गिक आहे. लोकांना उद्वेग होतो तो बदलामुळे नाही, तर तो न सांगता अंगावर येतो म्हणून.

मग निदान आपला चंद्रोदय सांगून ठेवावा ना! घरात शिरताना एवढं म्हटलं, "आज डोकं ठिकाणावर नाहीये, तुमच्यापैकी कोणावर राग नाही, अर्धा तास द्या", तर घरातली चार माणसं 'माझं काय चुकलं' या प्रश्नातून सुटतात. एका वाक्यात केवढी मोठी सेवा होते ही!

राग अचानक येत नाही

"मला काय माहीत, एकदम डोकंच फिरलं!" असं आपण म्हणतो. गीता म्हणते, एकदम काही होत नाही. दुसऱ्या अध्यायात बासष्ट आणि त्रेसष्ट या दोन श्लोकांत सगळी साखळी दिलीय. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश, आणि मग माणूसच हरवतो. प्रोग्रामरला एरर शेवटच्या ओळीत दिसते, पण चूक शोधायला लॉग वरपासून वाचावा लागतो. तसंच हे. संध्याकाळी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं गेलं, पण लॉग सकाळी सुरू झालेला असतो. कोणाच्या तरी प्रमोशनची बातमी कळली, ती दिवसभर चघळली, मग 'मला का नाही' आलं. मीठ ही फक्त शेवटची ओळ.

या साखळीतला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द मला फार नेमका वाटतो. मूड फिरला की पहिली जाते ती आठवण. "तू नेहमी असंच करतेस", "तुला माझी कधीच पर्वा नव्हती". हे 'नेहमी' आणि 'कधीच' म्हणजे स्मृतिभ्रंश. मागच्याच महिन्यात तापात तिने रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या होत्या, ते त्या क्षणी पुसलं गेलेलं असतं. आणि खूश असतानाही असंच होतं. कालचं बोलणं पुसलं जातं आणि आपल्याला नवल वाटतं, "हिचा चेहरा अजून का पडलाय?" तिची स्मृती शाबूत असते, म्हणून!

म्हणूनच भगवंतांनी आजच्या श्लोकात सोडायच्या चार गोष्टींत हर्षसुद्धा घातलाय. आनंद वाईट नाही. पण हवं ते मिळालं की डोक्यात चढणारी ती लाट, ज्यात आपण वाटेल ती वचनं देतो, रात्री बाराला सगळ्यांना उठवून गोव्याचा बेत आखतो आणि सकाळी "कसलं गोवा?" म्हणतो, तीही लोकांना थकवते. आणि अमर्ष म्हणजे सहन न होणं. दुसऱ्याचं बरं झालेलं, दुसऱ्याने वेगळं म्हटलेलं. हर्षाची लाट जेवढी उंच, तेवढा अमर्ष खोल. दोन्ही एकाच झोपाळ्याची टोकं.

समोरचा दुर्वास असेल तर?

आता श्लोकाचा दुसरा भाग. लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही. मूडी माणूस मी नाही, माझ्यासमोरचा आहे, तर मी काय करू?

भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा आहे. एकादशी करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. राजाने वर्षभर द्वादशीचं व्रत केलं. सांगतेला कार्तिकात, मधुवनात, तीन रात्रींचा उपास करून तो पारण्याला बसणार, एवढ्यात दुर्वास आले. राजाने जेवायचं आमंत्रण दिलं. ऋषी यमुनेवर स्नानाला गेले आणि तिथेच ध्यानात बसले. इकडे द्वादशी संपत आली. पारणं केलं नाही तर व्रत मोडतं, पाहुण्याआधी जेवलं तर अतिथीचा अपमान. राजाने जाणकारांना विचारलं आणि फक्त पाणी प्यायला. पाणी पिणं हे खाणंही धरतात आणि न खाणंही.

दुर्वास परतले, त्यांना कळलं, संतापले. स्वतःची एक जटा उपटली आणि तिच्यातून कृत्या निर्माण करून राजावर सोडली. राग कुठून येतो ते बघा: स्वतःच्याच डोक्यातून उपटून काढलेला! अंबरीष जागेवरून हलला नाही. सुदर्शनाने कृत्येला जाळलं आणि ते ऋषींच्या मागे लागलं. दुर्वास ब्रह्मदेवांकडे गेले, शंकरांकडे गेले, शेवटी विष्णूंकडे. विष्णूंनी सांगितलं की यात माझं काही चालणार नाही, ज्याचा अपराध झाला त्याच्याकडेच जा.

या कथेत मला आज चार गोष्टी दिसतात.

एक, राजाने आपला नियम पाहुण्याच्या लहरीवर सोडला नाही. त्याने पाहुण्याचा मान राखला, आणि व्रतही राखलं. आपण मूडी माणसाजवळ राहून हळूहळू आपली सगळी व्रतं सोडतो. मैत्रिणींना भेटणं, गाणं, पहाटेचा हरिपाठ, सगळं त्याच्या मूडप्रमाणे. तसं करू नका. निदान घोटभर पाणी प्या.

दोन, त्याने एकट्याने निर्णय घेतला नाही, जाणत्यांना विचारलं. लहरी माणसाच्या सहवासात आपलं स्वतःचं मोजमाप बिघडतं, चूक कोणाची हेच कळेनासं होतं. बाहेरचं एक शहाणं माणूस हवंच.

तीन, कृत्या अंगावर येत होती तोवर सुदर्शन आड होतं. राजाने सुदर्शनाला शांत व्हायची प्रार्थना केली ती दुर्वास पाय धरायला आले तेव्हा. क्षमा म्हणजे संरक्षण काढून टाकणं नाही. जिथे हात उगारला जातो, धमक्या मिळतात, तिथे आधी बाहेर पडा, मदत मागा. तिथे 'मी अंबरीषासारखं सहन करीन' म्हणू नका. अंबरीषाच्या पाठीशी चक्र होतं.

आणि चार, जी मला सगळ्यात हलवते. दुर्वास पळत होते त्या काळात एक वर्ष गेलं. राजा वर्षभर जेवला नव्हता, पाण्यावर होता. पाहुणा परत येईल, त्याला जेवू घालू, मग आपण जेवू. ऋषी आले, राजाने "आता कसं?" असं विचारलं नाही. पान वाढलं. एका माणसाचा मूड एका क्षणात फिरला आणि दुसऱ्याचा वर्षभरात फिरला नाही. भक्त कोण, ते भागवत यापेक्षा वेगळं काय सांगणार!

विष्णूंच्या उत्तराकडेही एकदा बघा. घरी कोणाला तरी लागेल असं बोलून आपण देवळात जातो, दोन प्रदक्षिणा घालतो, मन हलकं करून येतो. देव म्हणतो, माझ्याकडे कशाला आलास? तिच्याकडे जा.

ताटी उघडणारी बहीण

कोणी म्हणेल, हे राजाचं झालं. आपल्या मराठी मातीत आणखी जवळचं उदाहरण आहे. परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले. होय, साक्षात माउली! धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी आली आणि त्यातून आपल्याला ताटीचे अभंग मिळाले. तिने काय केलं? ती घाबरून गप्प बसली नाही. 'आता त्याचा मूड येईपर्यंत जाऊ दे' असं म्हणून निघून गेली नाही. लाडीगोडी लावून खोटी स्तुतीही केली नाही. तू कोण आहेस, याची तिने त्याला आठवण करून दिली. मघाशी आपण स्मृतिभ्रंश म्हणालो ना? त्यावरचा उपाय हाच. ज्याची स्मृती गेली, त्याला प्रेमाने, न भिता स्मृती द्यायची.

याच ज्ञानदेवांनी आजच्या श्लोकावर ज्ञानेश्वरीत समुद्राचा दृष्टांत दिलाय. समुद्र कितीही उसळला तरी त्यातल्या जलचरांना त्याची भीती वाटत नाही, आणि एवढे जलचर अंगाखांद्यावर खेळतात म्हणून समुद्रही कंटाळत नाही. लक्षात घ्या, समुद्र शांत आहे असं माउली म्हणतच नाहीत. तो उसळतो. पण त्याच्या उसळण्यात मासा सुरक्षित आहे. घरातल्या कर्त्या माणसाने, टीमच्या लीडने, आईने, बापाने असं व्हावं. भरती येऊ दे, मासा मरायला नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सगळेच चढउतार स्वभावाचे नसतात. 'तो बायपोलर आहे' असं आपण सकाळ-दुपारच्या मूडला गमतीने म्हणतो. त्या आजारात चढ किंवा उतार अनेक दिवस, आठवडे टिकतो, झोप आणि काम दोन्ही विस्कटतं, आणि त्यावर औषधोपचार आहेत. थायरॉईडसारख्या शारीरिक कारणांनीही मनःस्थिती ढवळते. अशा माणसाला 'नामस्मरण वाढव' एवढंच सांगणं म्हणजे ताप आलेल्याला फक्त आरती ऐकवणं. नाम घ्याच, आणि डॉक्टरकडेही न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन केला की विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

देवाचा मूड

शेवटी एक प्रश्न, जो आपल्या भक्तीलाच हात घालतो. आपण देवालाही मूडी साहेब समजतो का?

उपास चुकला, आता काहीतरी वाईट होणार. इंटरव्ह्यू चांगला गेला, देव खूश दिसतोय. ऑफर आली नाही, काय बरं चुकलं माझं? लहानपणी ज्याने चपलांच्या आवाजावरून मूड ओळखायला शिकलेलं असतं, तो मोठेपणी देवाच्या दारातही तेच करतो. नवव्या अध्यायात भगवंत स्वच्छ सांगतात की मी सगळ्यांना सारखा आहे, माझा कोणी नावडता नाही. पंढरीला जाऊन बघा. कमरेवर हात ठेवून, विटेवर दोन्ही पाय सारखे ठेवून तो उभा आहे. आषाढीच्या गर्दीत जे मुख, तेच आडवारी दुपारी दोनला. वारकरी कित्येक दिवस चालत येतो आणि त्याला दर्शन मिळतं ते क्षणभर. तरी निघताना एकही वारकरी "विठोबाचा मूड कसा आहे?" विचारत नाही.

आपल्या भाषेत 'प्रसाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, वरच्याने खालच्यावर केलेली कृपा, ज्याची त्या सुभाषिताला भीती वाटते. दुसरा अर्थ गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तिथे प्रसाद म्हणजे चित्ताचा निर्मळपणा, जो आला की सगळी दुःखं ओसरतात. आपण देवळात ओंजळ पुढे करून प्रसाद घेतो. तो घेऊन घरी आल्यावर आपल्या हातून घरच्यांना कोणता प्रसाद मिळतो, पहिला की दुसरा, एवढंच आज तपासायचं आहे.

मन चंचल आहे, आवरत नाही, ही तक्रार सहाव्या अध्यायात अर्जुनानेच करून ठेवलीय. भगवंतांनी त्याला रागावलं नाही. अवघड आहे हे मान्य केलं आणि अभ्यास व वैराग्य हे दोन मार्ग सांगितले. तेव्हा आजच्यापुरता अभ्यास असा:

१. घरात किंवा मीटिंगमध्ये शिरण्यापूर्वी दाराशी थांबून तीन वेळा 'रामकृष्ण हरी' म्हणा. मूड बदलला नाही तरी चालेल, आपला मूड काय आहे ते कळलं तरी पुरे.

२. चांगला नसेल तर आपला चंद्रोदय सांगा. एका वाक्यात.

३. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द आज रात्रीपर्यंत तोंडातून काढायचे नाहीत.

४. एखाद्याला आपल्या लहरीचा त्रास झाला असेल, तर देवाला नमस्कार करण्याआधी त्या माणसाकडे जा. भेटवस्तू नेऊ नका. नुसतं जा.

आणि रात्री झोपताना घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे बघा. आपण खोलीत आलो तेव्हा त्याने आधी आपला चेहरा वाचला, की सरळ येऊन मांडीवर बसलं? आजच्या श्लोकाची परीक्षा तेवढीच आहे.

उद्या सोळावा श्लोक. तोपर्यंत,

रामकृष्ण हरी!